वाचलेली पेटी

“...मग पेटीनं चूक काय केली, माताजी?”

माताजी ऐकत होत्या.

“तुम्हीच सांगा. जे ठरलं होतं तेच तिनं केलं. तसूभरही इकडेतिकडे नाही.”

माताजींनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते श्रेणिकला कळलं नाही.

बस्तीच्या, म्हणजे गावच्या जैन मंदिराच्या, ओसरीवर सकाळचं ऊन उतरलं होतं. वारणेचा पूर ओसरून पंधरवडा लोटला होता, पण बोरगोंडी गावाचा गाळाचा वास काही जात नव्हता. बस्ती उंचावर, म्हणून तिथवर पाणी पोचलं नव्हतं. लाकडी पाटावर पाठ ताठ ठेवून माताजी बसल्या होत्या. अंगावर एकच पांढरी साडी, शेजारी कमंडलू, मांडीवर मोरपिसांची पिंछी. चातुर्मासासाठी त्या गावात येऊन राहिल्या होत्या. या वृद्ध आर्यिका, जैन साध्वी, दिवसातून एकदाच आहार घेत, आणि बाकीचा वेळ येणाऱ्या-जाणाऱ्याचं ऐकून घेत. त्या फार बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. बोलल्या तरी कळत नाही, असंही काही लोक म्हणत.

श्रेणिक बिरनाळे याच गावचा. पुण्यात इंजिनीअर झाला, सांगलीत कारखाना काढला. छोट्या कॉम्प्युटरला विजेपासून जपणाऱ्या पेट्या करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गावाकडच्या लाइटीचा काही नेम नसतो. आत्ता पणतीसारखी मिणमिणते, घटकेत अंगावर धावून येते. दूध डेअरीत, पाणीयोजनेत, हवामानाच्या चौकीत लोकांचे कॉम्प्युटर पटापट जळत. श्रेणिकची पेटी बसवली की जळायचं थांबे. “बिरनाळ्याची पेटी जळत नाही,” असं लोक म्हणत. श्रेणिकही म्हणे.

तशीच एक पेटी त्यानं मागच्या उन्हाळ्यात गावच्या पुलाला बसवून दिली होती, फुकट. नदीचं पाणी मोजायचं, धोक्याच्या खुणेला लागलं की भोंगा वाजवायचा, एवढंच तिचं काम.

पूर आला. भोंगा वाजला नाही.

“दाखव,” माताजी म्हणाल्या.

तो याचीच वाट पाहत होता. त्यानं पिशवीतून पेटी काढली. ती खाली ठेवणार, तेवढ्यात माताजी पुढे वाकल्या आणि त्या जागेवरून अलगद पिंछी फिरवली. पेटीला धूळ लागू नये म्हणून असेल, असं श्रेणिकला वाटलं. त्याला बरंही वाटलं.

फरशीवरून एक मुंगी लगबगीनं भिंतीकडे निघाली होती.

त्यानं पेटी ठेवली, झाकण उघडलं.

“हा छोटा कॉम्प्युटर. तळहातावर मावतो. सगळी अक्कल याच्यात, पण जीव एवढासा. व्होल्टेज वाढलं की जळतो. चालू असताना एकाएकी लाइट गेली की याची मेमरी बिघडते. म्हणून त्याच्याभोवती हे सगळं. हा भाग जादा वीज जमिनीत सोडतो. ही बॅटरी. आणि हे सर्किट... हे माझं स्वतःचं. लाइटीचा भरवसा नाही असं दिसलं की हे लाइन तोडतं आणि त्याला बॅटरीवर घेतं. बॅटरी उतरायला लागली की त्याला सांगतं, आता आवरून घे. मग तो सगळं नीट लिहून ठेवतो आणि शांत झोपतो. धक्का नाही, नुकसान नाही.”

“शहाणा आहे,” माताजी म्हणाल्या.

श्रेणिकचा चेहरा उजळला.

“त्या दिवशीही असाच झोपला?”

“असाच. सकाळपासून व्होल्टेज वरखाली होत होतं. दुपारी डीपीवर वीज कोसळली. शेजारच्या घरातले टीव्ही गेले, पंखे गेले. पेटीला काही झालं नाही. तिनं लाइन तोडली होती. दिवस मावळल्यावर बॅटरी उतरली. मग त्यानं आवरून घेतलं.”

“काय लिहून ठेवलं?”

“पाण्याची पातळी. अगदी शेवटपर्यंतची. एक आकडा हरवला नाही.”

“पाणी किती होतं?”



“खुणेला हातभर कमी होतं. खुणेआधी भोंगा वाजवायचा नाही, असं गावानंच ठरवलं होतं.”

“किती ते विचारलं नाही मी. पाणी काय करत होतं?”

“...चढत होतं.”

“म्हणजे त्याला ठाऊक होतं.”

“हो. ठाऊक होतं.”

“आणि ते त्यानं जपून ठेवलं.”

“हो...”

आत बस्तीत कुणीतरी घंटा वाजवली. तिचा नाद विरेपर्यंत माताजी थांबल्या.

“बॅटरी पार संपली होती?”

“नाही. बॅटरी पार संपू द्यायची नसते, माताजी. खराब होते. थोडी राखून ठेवावीच लागते.”

“त्या राखलेल्यात भोंगा किती वेळ वाजला असता?”

श्रेणिकनं हा हिशेब केला नव्हता. तो आता त्याच्या इच्छेविरुद्ध मनात आपोआप होऊन गेला.

“...उजाडेपर्यंत.”

माताजींच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. त्यामुळे त्याला जास्तच राहवेना.

“पण तसं कसं चालेल? एका पुरासाठी जाळून घेतलं, तर पुढच्या पुराला कोण सांगणार? आधी तो जगला पाहिजे. स्वतः जगेल तरच दुसऱ्याला सांगेल ना?”

“बरोबर.”

“बरोबर?”

“बरोबर.”

“तालुक्याहून साहेब आले होते, तेही हेच म्हणाले. यंत्रात दोष नाही. मग दोष कुणाचा? तेवढंच विचारायला आलो आहे मी.”

माताजींनी त्याच्याकडे पाहिलं.

“बाळाक्काला भेटलास?”

“नाही... तिला काय सांगू? तिला यातलं काही कळणार नाही.”

माताजींनी डोळे मिटले. सामायिकाची, ध्यानाला बसायची वेळ झाली होती.

 श्रेणिकनं पेटी पिशवीत घातली. बरोबर म्हणाल्या, आणि उत्तर दिलं नाही. बरोबर असेल तर बाळाक्काकडे कशाला जायचं? आणि चूक असेल तर बरोबर का म्हणाल्या?

तो गाडीकडे निघाला होता. पाय खालच्या आळीकडे वळले.

बाळाक्का नेजे एकटी राहायची. नवरा मागेच गेलेला. सहा म्हशी, हेच तिचं घरदार. पुराच्या पहाटे पाणी आधी तिच्याच गोठ्यात शिरलं होतं.

गोठा धुऊन काढलेला होता. खुंट्या ओळीनं तशाच होत्या, आणि एक सोडून बाकी सगळ्यांना दाव्यांचे तोकडे तुकडे लोंबत होते. एक म्हैस अंगणात मोकळी हिंडत होती.

“श्रेणिका, ये की बाबा. बस. च्या टाकते.”

“नको, अक्का. मी सांगायला आलो होतो की...”

तो सांगू लागला. व्होल्टेज, लाइन, बॅटरी, सगळं. बाळाक्कानं मन लावून ऐकलं. मधेच म्हैस आली, तिनं त्याच्या पिशवीत तोंड घातलं आणि पेटी हुंगून निघून गेली.

“म्हंजी तुझी पेटी वाचली न्हवं?”

“हो...”

“बरं झालं बाबा. एकाचं तरी वाचलं.”

त्यानं चटकन वर पाहिलं. बोलण्यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं तो शोधला. नव्हता. पोराला परीक्षेत चांगले गुण पडल्याचं ऐकून शेजारीण जशी म्हणेल, तशी ती म्हणाली होती.

“हिला बांधत नाही तुम्ही?”

“आता न्हाई बांधत.”

तिनं चहाचा कप पुढे केला. दोन्ही तळव्यांवर आडव्या लाल रेघा होत्या, भरत आलेल्या. तो पाहत राहिला.

“एवढ्या पाण्यात आत कशाला शिरलात, अक्का? जीव गेला असता.”

“दावी सोडल्याबिगर वर कशी जाऊ? वरडत व्हती की ती.” तिनं हाताकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. “हिचं सुटलं. बाकीच्यांच्या गाठी वल्या झाल्याल्या. वडलं तसं आवळत्यात. इळा हुडकला, घावला न्हाई अंधारात.”

“मग?”

“मग काय... मग वरडायची थांबली.”

चहा तसाच राहिला. अंगणात म्हैस शेपटीनं माश्या वारत होती.

“आदी आमी पाळीपाळीनं जागायचो बग. खालच्या आळीतलं कोण ना कोण नदीवर बसायचंच. औंदा झोपलो. भोंगा हाय की, म्हटलं.”

यातही तक्रार नव्हती. श्रेणिक उठला. 

“येतो, अक्का.”

“पुन्यांदा कवा बसवतूस?”

“पुन्हा? ...तुम्हाला हवी आहे पेटी?”

“नको व्हय? मी एकली कुठवर जागू?” ती म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. “पर वरडणारी बसीव.”

सांगलीला परतताना त्याला वाटलं, आपल्याला सगळं समजलं. कारखान्यात पोचेपर्यंत त्यातलं काही उरलं नाही.

तरी तो कामाला लागला. आजवर तो ज्याला त्याला शिकवत आला होता, की आधी मेंदू वाचवा, बाकीचं नंतर. आता त्यानं उलटं केलं. नव्या पेटीत भोंग्याला वेगळी बॅटरी दिली आणि ती राखायची अट काढून टाकली. लाइन तोडणारं, आवरून घ्यायला सांगणारं आपलं लाडकं सर्किट त्यानं काढलं. आणि शेवटी एक साधी गोष्ट केली. छोटा कॉम्प्युटर जिवंत असेपर्यंत तो क्षणाक्षणाला भोंग्याला सांगत राहील, ‘ठीक आहे, ठीक आहे.’ हे सांगणं थांबलं, मग ते कशानंही थांबो, की भोंगा वाजू लागेल.

 जळणारी पेटी बिरनाळ्याच्या कारखान्यातून आजवर बाहेर पडली नव्हती.

पुढच्या आषाढात, भर दुपारी, ग्रामसेवकाचा फोन आला.

“साहेब, तुमचा भोंगा थांबंना झालाय!”

श्रेणिक पोचला तेव्हा खालची आळी रिकामी होती. चुलीवर भात तसाच, दोरीवर धुणं तसंच. सगळी माणसं, सगळी जनावरं वरच्या माळावर होती. बाळाक्काही होती. तिची म्हैस चरत होती.

तो धावत पुलावर गेला. पेटी काळी पडली होती. झाकण उघडलं तर जळका वास नाकात भरला. पलीकडच्या डीपीजवळ पुन्हा वीज पडली होती, आणि तिच्या झटक्यासरशी छोटा कॉम्प्युटर कोळसा झाला होता. खांबावर भोंगा अजून ओरडत होता, घसा बसलेल्या माणसासारखा.

खाली नदी घाटाच्या शेवटच्या पायरीशी निवांत वाहत होती. त्या दिवशी पाणी चढलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तो माळावर आला तेव्हा खालच्या आळीतल्या कलगोंडा आण्णांना बाजेवर घालून गाडीकडे नेत होते. गडबडीत चढण चढताना म्हाताऱ्याचा पाय घसरला होता आणि मांडीचं हाड मोडलं होतं. आण्णा दात आवळून पडले होते. श्रेणिक बाजेच्या बाजूनं थोडं अंतर चालला. आण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“जुनीच पेटी बरी व्हती,” कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. “गप तरी बसायची.”

“गप बसली म्हणूनच म्हसरं मेली न्हवं?”

“आन हिच्यापायी माणूस मरंल!”

मग जो तो बोलू लागला. कुणी म्हणालं जुनी लावा, कुणी म्हणालं नवी, कुणी म्हणालं दोन्ही नदीत टाका. श्रेणिक मधे उभा होता. सगळ्यांचंच त्याला बरोबर वाटत होतं. सरपंचांनी शेवटी हात वर केला.

“गुरुवारी पंचायतीत बसू. इंजिनीअर साहेब सांगतील ती पेटी. हे सांगतील तसं.”

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच ‘साहेब’ हा शब्द श्रेणिकला टोचला.

त्या वर्षी माताजींचा चातुर्मास पन्हाळ्याच्या अंगाला, एका डोंगरातल्या वाडीत होता. तिथे मोठी बस्ती नव्हती, एका श्रावकाच्या, जैन गृहस्थाच्या, घराशेजारची कौलारू खोली होती. बुधवारी श्रेणिक तिथे पोचला तेव्हा धुकं दारापर्यंत आलं होतं.

“वंदामि, माताजी.”

“आलास.”

त्यानं जळकी पेटी समोर ठेवली. माताजींनी ती हातात घेतली नाही. नुसती पाहिली.

त्यानं सगळं सांगितलं. अक्काच्या गोठ्यापासून आण्णांच्या बाजेपर्यंत. या खेपेला त्यानं काही समजावून दिलं नाही. फक्त काय घडलं ते सांगत गेला. सांगता सांगता त्याचा आवाज कधी चढला, ते त्यालाच कळलं नाही.

“खोटं ओरडली ती, माताजी! पाणी नव्हतं. काही नव्हतं.”

“ओरडली तेव्हा तिला काय ठाऊक होतं?”

“काहीच नाही. कॉम्प्युटर जळून गेला होता. काही ठाऊक नव्हतं, म्हणूनच तर ओरडली.”

“मग खोटं कसं?”



धुकं उंबऱ्यावरून आत येत होतं. शेजारच्या घरात कुणीतरी जात्यावर दळत होतं. ती घरघर थांबे, पुन्हा सुरू होई.

“पण आण्णांचा पाय मोडला,” तो हळूच म्हणाला.

“मोडला.”

त्यांनी पुढे काही जोडलं नाही. होतं असं कधी कधी, म्हणाल्या नाहीत. कर्म म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, “फार दुखतं का त्यांना?”

“...ठाऊक नाही. मी विचारलं नाही.”

 श्रेणिकची मान खाली गेली. काजळी लागलेल्या पेटीवर त्याच्या बोटांचे ठसे उमटले होते.

“मला काही कळेनासं झालंय, माताजी. पहिली पेटी नीट वागली, तिनं स्वतःला जपलं, आणि म्हशी दावणीला मेल्या. तुम्ही म्हणालात, बरोबर. दुसरी जळून गेली, उगाच ओरडली, आणि माणूस पडला. तुम्ही म्हणता, खोटं कसं. वाचते ती वाचवत नाही. जळते ती कशासाठी जळाली, ते कुणालाच सांगता येत नाही. चूक कुणाची, हे विचारायला मी पहिल्यांदा आलो होतो. आता तेही विचारत नाही. उद्या गाव बसेल. सगळे माझ्या तोंडाकडे बघतील. मी सांगेन ती पेटी लागेल. एवढंच सांगा... कुठली बसवू?”

पलीकडचं जातं थांबलं होतं. माताजी दाराबाहेर पाहत राहिल्या. धुक्यात काही दिसत नव्हतं, तरी त्या पाहत होत्या. श्रेणिकला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. मग वाटलं, ऐकलं आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. तो उठायच्या बेतात होता...

“श्रेणिक.”

“जी, माताजी.”

“बुडणार ते, पडणार ते. त्या खालच्या आळीत तुझी म्हैस कुठली?”